ग्लिचला तुम्ही लोक मराठीत काय म्हणता?

रावपुरा_रिटर्न: मदत हवीये. इथे बडोद्यातच एक छोटंसं प्रदर्शन आहे, व्हिडिओ गेमची मोडतोड करून केलेली कला असा विषय, आणि भिंतीवरच्या मजकुराचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. गाडं अडलंय 'ग्लिच'वर, म्हणजे चालू गेममध्ये मधेच होते ती गडबड. जोडी नावाच्या दोघा कलाकारांनी १९९६ ते २००१ या काळात क्वेक हा गोळीबाराचा गेम असा काही उसवला की एका आवृत्तीत पडदा नुसता पांढराफटक, भिंती नाहीत शत्रू नाहीत, आवाज मात्र चालूच. मी 'बिघाडाचं सौंदर्य' लिहिलं, तर सासरे (आयुष्य वीज मंडळात गेलं) म्हणाले मग दुरुस्त करून का नाही लावत?

वाडीकर: सासऱ्यांचं बरोबर आहे. बिघाड म्हणजे बंद पडलं. ग्लिचमध्ये गाडी चालू असते, मधेच ठेच लागते. 'अडखळ' चालेल की.

निसरडी_वाट: हा शब्द यिडिशमधून आला असं मानतात, तिथे अर्थ निसरडी जागा. जर्मनमध्ये ग्लिचेन म्हणजे घसरणं. माझी आजी शेवाळलेल्या पायरीला 'गिळगिळीत' म्हणायची. गिळ आणि ग्लि, बघा जुळतंय का.

वाडीकर: नाही जुळत काका. उद्या गुळापासून ग्लुकोज काढाल.

दांडिया_बाजार: अरे आपण बडोद्याचे ने? सरळ 'लोचा' लिहा, गुजराती माणसालाही कळेल. सुरतेचा लोचो खमण बिघडल्यामुळेच जन्माला आला म्हणतात, चुकलं आणि लोक आवडीने खायला लागले, ग्लिच आर्ट याहून वेगळं काय असतं?

पेठकरीण: लोचा मराठी नाही, आणि भिंतीवर लावायच्या लायकीचा तर नाहीच. ज्या गावाने १९३१ साली आठ भाषांचा सयाजीशासनशब्दकल्पतरु काढला त्या गावात लोचा?

दांडिया_बाजार: ताई, त्याच कोशात मराठीच्या शेजारी गुजराती आणि फारसी पण बसवलीये. महाराजांना चाललं, तुम्हाला नाही.

मधला_भाऊ: आम्ही लहानपणी म्हणायचो 'चित्र फुटलं'. मारिओची कॅसेट (हो, कॅसेटच म्हणायचो) नीट बसली नाही की मारिओच्या जागी आकडे आणि विटांचा भुगा. मग कॅसेट काढायची, खालच्या पितळी दातांवर फुंकर मारायची, परत ठोकून बसवायची, आणि दादा थुंकी उडते म्हणून टपली मारायचा. फुंकरीने काही होत नव्हतं, काढून परत बसवल्यामुळे चालायचं, हे फार उशिरा कळलं. टपल्या फुकट गेल्या.

रावपुरा_रिटर्न: 'फुटलं' एकदम आवडलं! कोरी आर्केंजल या कलाकाराच्या २००२ च्या 'सुपर मारिओ क्लाउड्स'मध्ये पण तीच कॅसेट आहे, चिप बदलून सगळं काढून टाकलंय, मारिओ गेला, पाईप गेले, निळ्या आकाशात नुसते ढग सरकत राहतात.

निसरडी_वाट: गंमत म्हणजे मारिओत ढग आणि झुडूप एकच आकृती आहे, रंग तेवढा वेगळा. म्हणजे याने झुडपं उपटली आणि तीच वर आकाशात ठेवली.

वाडीकर: पण ते फुटलेलं नाही ना, खोडलेलं आहे. ग्लिच आपोआप होतो, हे ठरवून केलंय.

पेठकरीण: ग्लिच 'होतो'? चूक, खोट, ठेच सगळ्या स्त्रीलिंगी. ग्लिच आली.

वाडीकर: बग आला, प्रॉब्लेम आला, ग्लिच आला.

दांडिया_बाजार: आमच्या ऑफिसात 'ते ग्लिच परत आलंय' म्हणतात. झाली तिन्ही लिंगं.

मधला_भाऊ: उशिरा विचारतोय, ते जोडीवाले मराठी आहेत का?

रावपुरा_रिटर्न: नाही हो, योआन हेमस्केर्क आणि डिर्क पेसमन्स. दोघांच्या नावांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरं घेतली, जो आणि डि. निघाले मात्र खरंच जोडी.

पेठकरीण: मग 'जोडि' लिहा, डिर्कचा डि ऱ्हस्व आहे.

निसरडी_वाट: मराठीत शेवटचा इकार दीर्घच.

पेठकरीण: विशेषनामांना तो नियम लावू नका.

(यावर अठरा प्रतिसाद झाले, वगळतेय.)

रावपुरा_रिटर्न: मजकूर काल छापायला गेला. 'ग्लिच'च ठेवलं.

वाडीकर: आणि लिंग?

रावपुरा_रिटर्न: वाक्यच असं फिरवलं की लिंग येतच नाही.

पेठकरीण: तरी ती स्त्रीलिंगीच.