गवती चहाचं तेल काढताना भांड्याचे चिमटे बसतात. एमसीबी असूनही?

वेळणेश्वरची_आगरवाली:

नमस्कार. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आगरात नारळ-पोफळी, बांधाला गवती चहा, आणि वीसेक झाडं दालचिनीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात आहे. दोन वर्षांपासून मी घरच्या घरी पानांचं तेल आणि सुगंधी पाणी काढते. साबणात घालते, थोडं नातेवाइकांना देते.

भांडं स्टीलचं, २० लिटरचं, चिपळुणात वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं. बुडाला गीझरचं २ किलोवॅटचं एलिमेंट बसवलंय. झाकणातून अर्ध्या इंची तांब्याची नळी निघते आणि प्लॅस्टिकच्या पिंपात तिचे वेढे आहेत. पिंपात विहिरीचं पाणी पंपाने फिरतं. सगळं मागच्या पडवीत, कोब्याच्या जमिनीवर. प्लग आत माजघरात, म्हणून मध्ये पाच मीटरची एक्स्टेन्शन कॉर्ड.

पाडव्यानंतर पहिल्यांदा भांडं लावलं तेव्हा तांब्याच्या नळीला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी पाय ओले होते, तर कोपरापर्यंत झिणझिणलं. आमचे हे म्हणतात, बोर्डावर एमसीबी आहे, खरा करंट असता तर ती पडली असती. शेजारच्या काकी म्हणतात, चपला घालून काम कर. चपला घातल्यावर खरंच काही होत नाही. पण माझी सून सातव्या महिन्यात आहे आणि तिचीही त्या पडवीत ये-जा असते, म्हणून मनाला पटेना.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मागच्या महिन्यात झाकण दणकन उडून वाशाला लागलं. मी ते तारेने आवळून बांधलं होतं. आणि गवती चहाचं तेल बरं सुटतं, पण दालचिनीच्या पानांचं वर नुसता तवंग येतो. पाच किलो पानं घालून चमचाभरही नाही. भांड्यात दोष असेल का?

मालवणी_वायरमन:

ताई, आधी प्लग काढा आणि मगच पुढचं वाचा. बटण बंद करून भागणार नाही. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर बटण बंद असतानाही एलिमेंटमध्ये करंट उभा असतो.

तुम्हाला बसतो तो खराच करंट आहे. चपलेने तो फक्त तुमच्यापुरता अडतो, सुनेच्या अनवाणी पायाला नाही.

मी तीस वर्षं हे काम करतोय, आणि 'एमसीबी आहे ना' हे वाक्य मी प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणूस वाचवणं हे तिचं काम नाही. तुमची १६ अँपिअरची असेल, म्हणजे १६ च्या वर गेल्याशिवाय ती हलणार नाही. माणसाच्या हाताचे स्नायू १० मिलिअँपिअरच्या आसपास आवळतात, धरलेली वस्तू सुटत नाही. १६ अँपिअर म्हणजे त्याच्या सोळाशे पट.

तुम्ही म्हणाल, अर्थिंग आहे की. आपल्याकडच्या अर्थिंगबद्दल मला मनापासून बोलायचंय. आपण राहतो जांभ्यावर. पावसात ठीक, पण चैत्र-वैशाखात जांभा ठणठणीत कोरडा होतो आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स प्रचंड वाढतो. समजा तो १०० ओहम आहे. एलिमेंट पूर्ण फुटून भांड्याला थेट फेज लागली तरी २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअरच जमिनीत जाणार. एमसीबी ढिम्म राहणार, आणि भांडं जवळजवळ २३० व्होल्टवर तसंच उभं राहणार. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही भांड्याला हात लावणारा माणूस जाऊ शकतो. माझ्या मावसभावाचं असंच झालं. पोफळीच्या आगरात पंपाच्या पाइपला हात लावला आणि सुटलाच नाही. बोर्ड नवा कोरा होता, एमसीबी चांगल्या होत्या. तेव्हापासून मी आरसीसीबीशिवाय पाण्याजवळचं एकही काम घेत नाही, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसरीकडे कुठेतरी गळतोय, की सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत तोडते. अर्थिंग शंभर ओहमचं असलं तरी तिला चालतं, कारण तिला २.३ अँपिअर लागत नाहीत, ०.०३ पुरतात. एकाने फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर मात्र ती वाचवू शकत नाही, कारण तिच्या हिशेबात फरकच पडत नाही. आणि जादा लोड ती बघत नाही, म्हणून एमसीबी काढायची नाही, दोन्ही हव्यात. घेताना ३० मिलिअँपिअरचीच घ्या. दुकानदार १०० ची देतात, 'सारखी पडणार नाही' म्हणून. ती आग लागू नये यासाठी असते. वर आयएस १२६४० छापलेलं बघा. 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आपल्या खाऱ्या हवेत आतली यंत्रणा जाम होते, दाबून पडली नाही तर त्याच दिवशी बदलायची.

मुंग्या कशामुळे आल्या असतील? माझा पहिला संशय एलिमेंटवर. नळीच्या आत तारेभोवती पांढरी भुकटी ठासलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती दमट हवा ओढून घेते. पावसाळाभर भांडं माळ्यावर पडून राहिलं की ती ओलावते आणि करंट गळायला लागतो. नळीला बारीक चीर गेली असेल तर बघायलाच नको. वायरमनला मेगर, म्हणजे करंट कुठे गळतोय ते तपासायचं यंत्र, घेऊन बोलवा, ५०० व्होल्टवर एलिमेंटची टोकं आणि भांडं यांच्यात मोजायला सांगा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर एलिमेंट फेका.

पण एलिमेंट गळत असलं आणि अर्थची वायर धड असली, तर चिमटा एवढा जाणवू नये. म्हणजे मध्ये अर्थ तुटलाय. एक्स्टेन्शन कॉर्ड उघडून बघा. २ किलोवॅटला ८.७ अँपिअर लागतात, आणि बाजारातल्या बहुतेक कॉर्डची वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असते. तासाभरात ती हाताला गरम लागते ना? खरं तर कॉर्डच नको. पडवीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, १६ अँपिअरचा सॉकेट घ्या, थेट बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन तारा ओढून.

अर्थिंग मोजताना बल्ब लावून बघू देऊ नका. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब पेटला की 'अर्थिंग एक नंबर' म्हणतात. तो बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, पन्नास ओहमच्या भिकार अर्थिंगवरही तो लख्ख पेटतो. अर्थ टेस्टरच हवा. आणि कोणी न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून 'झालं अर्थिंग' म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूत फेज येते. २०२० च्या निसर्ग वादळात आणि पुढच्या वर्षीच्या तौक्तेत किती तारा तुटल्या ते आपण बघितलंय.

दापोलीतला_अर्कवाला:

वायरमनदादांनी विजेचं सगळं सांगितलं. मी झाकणाचं आणि तेलाचं सांगतो.

ताई, झाकण तारेने आवळणं आजपासून बंद. वाफेला बाहेर जायची वाट कायम मोकळी हवी. आपण प्रेशर कुकर चालवत नाही. तुमची नळी अर्ध्या इंचाची. गवती चहाचं पातं वाफेबरोबर वर येऊन तोंडाशी अडकलं की संपलं. झाकणाखाली बारीक जाळी लावा आणि झाकणापासून पिंपापर्यंतची नळी इंचभर रुंद करून घ्या. झाकणाला कणीक लावा. आमच्या आजीची वाळ्याचा अर्क काढायची पद्धत तीच होती. घट्ट मळलेली कणीक कडेला थापायची. वाफेने ती भाजून घट्ट होते, गळत नाही, आणि दाब वाढलाच तर तीच आधी फुटते. दर वेळी नवी. झाकणावर फार तर अर्ध्या किलोचा वरवंटा ठेवा, तार नको.

पाण्याचा हिशेब करून ठेवा. २ किलोवॅट पूर्ण मिळाले तर तासाला साधारण ३ लिटर पाण्याची वाफ होते. एलिमेंटच्या वर १० लिटर पाणी असेल तर तीन तासांत एलिमेंट उघडं पडायच्या बेताला येतं. उघडं पडलं की नळी लाल होते, फुटते, वर पानं असतील तर पेटतात. मी अडीच तासांचा गजर लावतो आणि पडवी सोडून जात नाही. व्होल्टेज कमी असताना हे गणित फसतं. १८० व्होल्टला तेच एलिमेंट बाराशे वॅटच देतं, मग माणूस कंटाळून वेळ वाढवतो, आणि मध्येच व्होल्टेज परत चढतं. पानं एलिमेंटला टेकता कामा नयेत. मध्ये भोकांची चाळण हवी, नाहीतर तेलाला करपट वास येतो.

गार पाण्याचंही तसंच. २ किलोवॅटची उष्णता काढायला, पाणी २० अंश तापू दिलं तर, मिनिटाला दीड लिटर लागतं. वीज गेली की पंप आणि एलिमेंट दोन्ही थांबतात, ते एका परीने बरं. पण नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर भांडं थंड होताना तेच पाणी उलटं आत खेचलं जातं. टोक नेहमी पाण्याच्या वर. आणि वीज आपोआप परत आल्यावर एलिमेंट आपोआप सुरू होऊ नये, अशी व्यवस्था वायरमनदादांकडून करून घ्या.

आता तेल. ताई, तुमच्या भांड्यात दोष नाही! दालचिनीच्या पानाच्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं, आणि ते पाण्यापेक्षा जड असतं. ते खाली बसतं. गवती चहाचं हलकं, ते वर तरंगतं. तुम्ही वरचा तवंग घेऊन खालचं ओतून देत असाल. बुडाशी तोटी असलेली काचेची बरणी घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी खालून थेंब थेंब काढा. प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवू नका, प्लॅस्टिक मऊ पडतं. गडद काच. अंगाला कच्चं लावू नका, भाजल्यासारखं होतं.

बोंडूवाला_वेंगुर्ले:

छान माहिती. याच भांड्यात काजूच्या बोंडूंचं काढता येईल का? आमच्याकडे ढिगाने कुजतात. पलीकडे गोव्यात तर सगळे काढतात.

मालवणी_वायरमन:

नाही रे बाबा. गोव्यात फेणी परवान्यावर काढतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, घरी पिण्यापुरती असली तरी. आणि माझ्या धंद्याच्या अंगाने सांगतो. पाण्याची वाफ गळली तर हात भाजतो. दारूची वाफ गळली तर ती हवेपेक्षा जड, जमिनीसरशी पसरते आणि फ्रिजच्या किंवा बटणाच्या ठिणगीनेही पेट घेते. घरातल्या साध्या बटणांच्या आसपास ते करायचंच नाही. बोंडूंचं सरबत करा, ढोरांना घाला, खत करा.

वेळणेश्वरची_आगरवाली:

आठ दिवसांनी लिहितेय, कारण वायरमन गुहागरहून काल आला.

एक्स्टेन्शन कॉर्ड उघडली. अर्थची हिरवी वायर पिनेपासून सुटून नुसती पडलेली होती, टोक हिरवट-काळं. किती दिवस तशी होती कोण जाणे. एलिमेंट मेगरवर जवळजवळ शून्य. अर्थिंग अर्थ टेस्टरवर १४० ओहम आलं. मुलगा बारा वर्षांचा असताना खड्डा घातला होता, त्यानंतर कोणी पाणीसुद्धा ओतलं नव्हतं. ह्यांनी स्वतः कागदावर २३० भागिले १४० केलं, १.६ आलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, न्हाणीच्या गीझरलाही आरसीसीबी लावून घेऊ.

पडवीत वेगळा सॉकेट झाला. आरसीसीबी बसल्यावर वायरमनने मुद्दाम जुनं एलिमेंट एकदा जोडून दाखवलं. खट् करून पडली. तो आवाज ऐकून माझे डोळे भरून आले. चार महिने मी त्याच भांड्याशी बसत होते, आणि सून पलीकडे धुणं वाळत घालत होती.

अर्थिंगचा नवीन खड्डा विहिरीच्या अंगाला, ओलीच्या जागी घेतोय. नवीन एलिमेंट आलं, कणकेने झाकण लावलं, पाच किलो पानं घातली. सकाळी बरणीच्या तळाला पिवळसर तेल बसलेलं दिसलं. मोजलं, २८ मिलिलिटर. दोन वर्षं मी ते मोरीत ओतत होते.

एक विचारायचं राहिलं. विहिरीच्या पंपालाही हीच आरसीसीबी चालेल का?

मालवणी_वायरमन:

पंपाला वेगळी घ्या, तीही ३० चीच. दोन्ही एकीवर टाकल्या तर पंपाच्या ओल्या वायरीमुळे पडली की तुम्हाला वाटेल भांड्याचाच दोष, आणि दोन-चारदा असं झालं की कोणीतरी ती काढून थेट जोडणार. पंपाची केबल विहिरीच्या कठड्यावर घासतेय का तेही बघून घ्या. नव्या खड्ड्यावर चैत्रापासून मिरगापर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी.

आणि २८ मिलिलिटर ऐकून बरं वाटलं, ताई.