चार वर्षांच्या मुलाची कोरी वही: फ्रोबेल, मॉन्टेसरी आणि ताराबाई लेखनाबद्दल नेमके काय सांगतात?

हडपसरची_ताई (प्रश्न)

नमस्कार. मी हडपसरमधील एका बालवाडीत गेल्या वर्षापासून शिकवत आहे. साडेतीन ते पाच या वयाची २२ मुले, एकच खोली आणि मदतीला एक मावशी, असा आमचा संसार आहे. दिवाळीनंतरच्या पालकसभेत एका आजींनी नातवाची वही सर्वांसमोर उघडून पाने फडफडवून दाखवली आणि "वही कोरी ती कोरीच, मग पोरगा सहा महिने इथं करतो काय?" असे विचारले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. जानेवारीपासून 'अ' ते 'ज्ञ' रोज गिरवून घ्यावे, अशी सूचना मला त्यानंतर बालवाडीच्या मुख्य बाईंकडून मिळाली आहे.

आमच्या पाटीवर 'मॉन्टेसरी व किंडरगार्टन पद्धत' असे लिहिले आहे. प्रशिक्षणात फ्रोबेल, मॉन्टेसरी, गिजुभाई, ताराबाई या बालशिक्षणतज्ज्ञांची नावे आम्ही एका दमात पाठ केली, जणू या मंडळींचे आपापसांत कधी दुमत नव्हतेच. इतक्या लहान मुलाच्या लिहिण्याबद्दल यांपैकी कोणाचे काय म्हणणे होते, आणि त्यातले माझ्या खोलीत काय करता येईल, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त_शिक्षिका

ताई, तुमच्या पाटीवरची दोन नावे मुळात एका घरातली नाहीत, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

फ्रोबेल यांनी जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यांच्या साधनांत लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, दंडगोल आणि घन होते. शिवाय कागदाच्या घड्या, विणकाम, आणि भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून आकार करणे असे उद्योग होते. अक्षरांना या मांडणीत महत्त्वाचे स्थान नव्हते. खेळ हेच या वयाचे खरे काम, असे ते मानत. (प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये अशा बालबागांवर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत टिकली. वाटाणे आणि काड्यांची सरकारला धास्ती वाटावी, याचे मला अजूनही नवल वाटते.)

मॉन्टेसरीबाई पेशाने डॉक्टर. रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी बालगृह उघडले. 'मॉन्टेसरीत लिहायला शिकवत नाहीत' हा आपल्याकडे पसरलेला मोठा गैरसमज आहे. मुलांना लिहिणे-वाचणे शिकवा, असा आग्रह त्या वस्तीतल्या मातांनीच धरला होता, म्हणजे तुमच्या आजी पहिल्या नव्हेत. पुढे एकदा बाई मुलांसह गच्चीवर बसल्या असताना त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडूने धुराडे काढायला सांगितले. ते झाल्यावर तो एकदम "मला लिहिता येतं!" असे ओरडला आणि त्याने जमिनीवर इटालियन भाषेत 'हात', मग 'धुराडे', मग 'छप्पर' असे शब्द लिहिले. गिरवण्याची वही त्याच्यापुढे कोणी ठेवली नव्हती.

मात्र त्याच्या हाताची तयारी आधी झालेली होती, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मॉन्टेसरी साधनांतल्या, खाचांत बसवायच्या दट्ट्यांना वर बारीक बोंडी असते. ती मूल अंगठा आणि दोन बोटांनी धरते, म्हणजेच पेन्सिलीची पकड पेन्सिलीवाचून बसते. धातूच्या चौकटींत आकृत्या काढून त्या रेघांनी भरताना हात ताब्यात येतो. खरखरीत काचकागदाच्या अक्षरावरून बोट फिरवताना तोंडाने ध्वनी म्हणायचा असतो, त्यामुळे वळण आणि उच्चार एकत्रच लक्षात राहतात. फ्रोबेलच्या ठोकळ्यांची आगगाडी झाली तर उत्तमच. मॉन्टेसरीबाईंना मात्र प्रत्येक साधन ठरलेल्या कामासाठीच वापरलेले हवे असे. पाटीवर दोन्ही नावे लावणाऱ्यांनी हा फरक एकदा तरी वाचायला हवा.

राहिला 'अ' ते 'ज्ञ' हा क्रम. तो उच्चारांचा क्रम आहे, हाताचा नव्हे. 'अ' आणि 'इ' ही वळणाला अवघड अक्षरे आहेत. ग, म, न यांत उभी रेघ सारखी येते. व आला की त्याच्या पोटात तिरकी रेघ देऊन ब होतो आणि उजवीकडे वळण दिले की क. पाच वर्षांच्या मुलांपुढे या क्रमाने अक्षरे ठेवून पाहा.

कोथरूडकर_बाबा

शिक्षिकाबाईंचे म्हणणे पटते, पण नाण्याची दुसरी बाजू मांडतो. आमच्या मुलीची बालवाडी अशीच आनंदाची होती. पहिलीच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात फळ्यावरच्या पाच ओळी उतरवून घ्यायला सांगितल्या आणि आम्ही दोघे रात्री नऊपर्यंत तिच्याशेजारी बसून ते पुरे करत होतो. तत्त्वज्ञान बालवाडीपुरते आणि त्याचा भार घरावर, असे होऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र. पण शेजारची प्राथमिक शाळा तसे मानते का, हे पालक आधी पाहतो. आजींची भीती खुळी नाही, एवढेच सांगायचे आहे. 'प्रवेशाच्या वेळी मुलाची परीक्षा घेतील' अशी धास्ती कोणी घालत असेल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा चाळणीला मनाई केली आहे, हे त्यांना जरूर सांगा.

टेकडीवरून

ताराबाई मोडक यांच्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. १९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. मदतीला अनुताई वाघ आल्या, ज्या आपल्याच जिल्ह्यातल्या मोरगावच्या. बिया, शंख-शिंपले, पाने, माती अशा हाताशी असलेल्या वस्तूंची साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. अंगणवाडी ही कल्पना तेथली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम वाढले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

ताई, २२ मुलांच्या खोलीत तुम्हाला इटलीहून काही मागवायचे नाही. चिंचोके, पावटे, रव्याचे ताट आणि नारळाच्या करवंट्या पुरतील. पण मुलाने केलेले काम पालकांना दिसेल अशा ठिकाणी ठेवा, कारण कोऱ्या वहीवरून त्यांना फक्त कोरी वहीच दिसते.

हडपसरची_ताई

सर्वांचे आभार. बोहरी आळीतून काचकागद आणला (दुकानदार त्याला पॉलिश पेपर म्हणतो, काचकागद म्हटल्यावर त्याला कळेना) आणि ग, म, न, व, ब, क ही अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. शनिवारी त्याच आजींना वर्गात बसायला बोलावले. त्यांचा नातू पावटे आणि चिंचोके एकेक करून तीन बोटांनी वेगळे करत होता. नंतर त्याने डोळे मिटून 'व'वरून बोट फिरवले आणि 'व' असे म्हणाला. आजींनी स्वतःही डोळे मिटून एकदा बोट फिरवून पाहिले. मग म्हणाल्या, "हे ठीक आहे, पण वहीचं काय?"

बाईंनी 'अ' ते 'ज्ञ' हा क्रम सोडायला होकार दिला आहे. वही मात्र जानेवारीपासून उघडायचीच आहे, रोज अर्धे पान. पहिल्या पानावर मी आकृत्या आणि त्यांत भरायच्या रेघा आखून ठेवल्या आहेत.