हुल्स्टची सायक्लोक्रॉस वर्ल्ड चॅम्पियनशिप: सासूसासरे आणि ७ वर्षांची मुलगी घेऊन जमेल का?

सूनबाई_आइंडहोवन

नमस्कार मंडळी, ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी २०२६ ला हुल्स्टला (इथे हॉलंडमध्येच, बेल्जियमच्या बॉर्डरवर) सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखलातून आणि चढउतारांवरून होणाऱ्या सायकल शर्यतीची, वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे आणि आमच्या घरात सध्या तोच एक विषय चाललाय. मुलगी इथल्या सायकल क्लबात जायला लागलीय, तिथल्या मोठ्या मुली हिवाळाभर चिखलात सायकली घालतात ते बघून तिलाही तेच करायचंय. सासूसासरे खोपोलीहून आलेत, मार्चपर्यंत आहेत. बाबांना सायकल शर्यतीचं भयंकर वेड, मुंबई-पुणे शर्यत बघायला ते तरुणपणी सकाळपासून बोरघाटात जाऊन बसायचे, त्या वर्षी घाटाचा राजा कोण झाला, कुठल्या वळणावर कोणी कोणाला गाठलं हे अजून तोंडपाठ आहे. त्यांना परवा टीव्हीवर एक क्रॉस दाखवली तर पहिल्यांदा म्हणाले अगं हे सायकल चालवतायत का खांद्यावर घेऊन पळतायत, आणि मग शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. आता म्हणतात मला प्रत्यक्ष बघायचंय.

तर कोणी आधी गेलंय का अशा शर्यतीला? शनिवारी जावं की रविवारी? कुठे उभं राहायचं म्हणजे नीट दिसेल? थंडीचं काय करायचं, कारण आईंना इथली थंडी अजिबात सोसत नाही आणि त्यांचा गुडघाही दुखतो. आम्ही शाकाहारी आहोत, खायचं काय मिळतं तेही सांगा. गाडीनेच जावं लागेल ना?

अँटवर्पचा_बंड्या

ताई नक्की न्या, बाबांना तर न्याच. बोरघाटात तासन्‌तास बसायचं आणि शर्यत समोरून एकदा सुर्रकन गेली की संपलं, इथे तसं नाही. तीनेक किमीची फेरी असते आणि ती परत परत मारायची, पुरुषांची शर्यत साधारण तासभर आणि बायकांची पन्नास मिनिटांच्या आसपास, म्हणजे तुम्ही एका जागी खांबासारखे उभे राहिलात तरी सगळे सायकलवाले सात-आठ वेळा समोरून जाणार. शिवाय रस्ता इतका वळवळत जातो की इकडून बघून वीस पावलं चाललात की तेच लोक दुसऱ्या बाजूने येताना दिसतात.

हुल्स्ट तर यासाठी फारच भारी जागा आहे, इथे वर्ल्ड कपच्या शर्यती आधी झाल्यात. जुनं तटबंदीचं गाव आहे, मातीचा उंच तट आणि भोवती पाण्याचा खंदक, आपल्याकडच्या भुईकोट किल्ल्यासारखा, आणि शर्यत त्या तटावरून वर-खाली वर-खाली जाते. बाकी सगळा झीलंड प्रांत सपाट आहे पण या तटाचे चढ छोटे असले तरी असे उभे आहेत की ओल्या मातीवर टायर धरत नाही. नियमाने टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, त्यामुळे हवा अगदी कमी ठेवतात, दीड बारच्या आसपास, म्हणजे अंगठ्याने दाबलं तर टायर आत जाईल इतकी. तरी घसरतं. मग उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळत वर जायचं. बाबांनी जे टीव्हीवर बघितलं ते हेच.

कुठे उभं राहायचं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे, पिटजवळ, म्हणजे शर्यत चालू असताना सायकल बदलायची जागा असते तिथे. फिनिश लाइनला अजिबात जाऊ नका, तिथे डांबरी सरळ रस्ता असतो आणि दिसतं काहीच नाही. पिटची रचना अशी असते की एका फेरीत शर्यत तिच्या बाजूने दोनदा जाते, म्हणजे दोनदा सायकल बदलता येते. मेकॅनिक एका हाताने सीट आणि दुसऱ्याने हँडल धरून दुसरी सायकल घेऊन तयार उभा असतो, खेळाडू आला की चालत्या सायकलवरून उडी मारतो, चिखलाची सोडून देतो, दोन पावलं पळतो आणि नवीवर बसून गेलासुद्धा. सोडलेली सायकल दुसरा माणूस पकडून धावत पाण्याच्या प्रेशर पंपाकडे नेतो, चिखल उडवतात, चेनला तेल, गिअर बघायचे, आणि तीन-चार मिनिटांत ती परत तयार कारण तोवर तो अर्धी फेरी मारून येतोच. चिखल जास्त असेल तर दर अर्ध्या फेरीला हे चालतं. त्या मेकॅनिकांत बऱ्याचदा खेळाडूचा बाप, भाऊ, काका असतात. तुमच्या मुलीला हे सगळ्यात जास्त आवडेल बघा, तिला कळेल की सायकल धुणं हासुद्धा शर्यतीचाच भाग आहे.

आणि दिवस शनिवार घ्या. शनिवारी एलिट, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, बायकांची शर्यत आहे. गर्दी रविवारपेक्षा कमी असते, मुलीला पुढे कठड्याला उभं राहता येईल. यंदा हॉलंडची लुसिंडा ब्रांड जबरदस्त फॉर्मात आहे, २०२१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बेल्जियममधल्या ओस्टेंडला जिंकली होती, पण तेव्हा कोविडमुळे प्रेक्षकच नव्हते, रिकाम्या वाळूवर शर्यत झाली. आता ती घरच्या लोकांसमोर उतरणार.

गेंटकर

बंड्याशी पिटबद्दल शंभर टक्के सहमत पण दिवसाबद्दल नाही. ताई, रविवार सोडू नका. मॅथ्यू व्हान डर पूलची सात वर्ल्ड टायटल झालीत, २०१५, २०१९, २०२०, २०२१, २०२३, २०२४, २०२५. बेल्जियमच्या एरिक डे व्लामिंकचीही सातच, १९६६ चं एक आणि मग १९६८ ते १९७३ सलग सहा. म्हणजे पन्नासेक वर्षं टिकलेल्या विक्रमाशी बरोबरी झालीय आणि १ तारखेला आठवं झालं तर पुरुषांमध्ये तो एकटाच वर. हे परत कधी बघायला मिळणार? आणि तेही हॉलंडमध्ये, स्वतःच्या देशात.

बाबांना हेही सांगा की हे घराणंच सायकलवाल्यांचं आहे. वडील आद्री व्हान डर पूल १९९६ चे क्रॉस वर्ल्ड चॅम्पियन. आईचे वडील म्हणजे रेमों पूलिदोर, तूर द फ्रान्समध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत आले पण एकूण शर्यतीत पुढे असणाऱ्याला मिळते ती पिवळी जर्सी आयुष्यात एक दिवससुद्धा अंगाला लागली नाही, आणि तरी फ्रान्समध्ये त्यांच्याइतकं प्रेम फार कमी लोकांना मिळालं असेल. आता बेल्जियमकडून थिबो नीस आहे तोही स्वेन नीसचा मुलगा, स्वेन २००५ आणि २०१३ चा चॅम्पियन. बोरघाट पाठ असलेल्या माणसाला हे सगळं माहीत असून तो माणूस समोरून जाताना बघणं वेगळंच असतं. मी म्हणेन गर्दी होऊ दे, लवकर जा, सकाळी दहाला जागा धरा.

आणि वर चढावर उभं राहिलात तर आवाज ऐका. टीव्हीवर तो येत नाही. ब्रेक, चेनमध्ये अडकलेल्या मातीची करकर, आणि अगदी जवळून जाताना त्यांचा श्वास. पहिला नंबर आणि तिसावा नंबर दोघांचाही सारखाच ऐकू येतो.

अँटवर्पचा_बंड्या

गेंटकर, आठचा विक्रम म्हणालात म्हणून सांगतो, बायकांमध्ये हॉलंडच्या मारिआना फॉसची आठ टायटल कधीच झालीत, २००६, मग २००९ ते २०१४ सलग आणि शेवटचं २०२२. पुरुषांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५० पासून आहे, बायकांची सुरू झाली ती थेट २००० ला. ज्युनियर मुलींना वेगळी शर्यत मिळायला तर २०२० उजाडलं. सात वर्षांची मुलगी क्लबात जाते आणि तिला मोठ्या मुलींसारखं व्हायचंय म्हणतात ना ताई, मग तिला कुठला दिवस दाखवायचा याचं माझं मत बदलत नाही. व्हान डर पूल मलाही आवडतो. पण रविवारी तिथे सात वर्षांच्या मुलीला फक्त मोठ्या माणसांच्या पाठी दिसतील.

ब्रेडाची_मावशी

दोघांचं झालं असेल तर मी जरा कामाचं सांगते. आम्ही पोरांना घेऊन दर हिवाळ्यात एखादी तरी क्रॉस बघतो.

थंडी अंगाला कमी आणि पायाला जास्त लागते, कारण तासन्‌तास ओल्या जमिनीवर उभं राहायचं असतं. जानेवारीअखेर दोन ते सहा डिग्री धरा, पण झीलंडचा वारा असा असतो की त्यापेक्षा गार वाटतं आणि तटावर तर आडोसाच नाही. सगळ्यांना गमबूट, एक नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे, पण घट्ट नकोत, बोटं हलली पाहिजेत. व्यायामाची जुनी फोमची चटई असेल तर तिचे तुकडे कापून न्या आणि पायाखाली टाकून उभं राहा, आमच्याकडे हे हमखास करतो आणि फार फरक पडतो. आईंना कानटोपी, वर जॅकेटची टोपी, आणि हाताला ते गरम होणारे छोटे पाऊच मिळतात ते खिशात. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही आणि वाऱ्यात टिकतही नाही, रेनकोट घ्या. छोटीसाठी कानावर घालायचे आवाज कमी करणारे हेडफोन न्या, कठड्याला सगळे घंटा वाजवत असतात आणि लाउडस्पीकर बरोबर पोरांच्या डोक्यावर असतो.

खाणं: फ्राइट्स (बटाट्याचे तळलेले काप) सगळीकडे मिळतात, पॅनकेक, हॉट चॉकलेट, बाकी सगळं सॉसेज आणि बर्गर. शाकाहारी आहात तर एक गोष्ट लक्षात ठेवा, बेल्जियममध्ये फ्राइट्स बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात. हॉलंडमध्ये सहसा तेल असतं पण हुल्स्ट अगदी बॉर्डरवर आहे आणि गाडेवाले दोन्हीकडचे येतात, तेव्हा सरळ विचारायचं, कोणी वाईट मानत नाही. अशा ठिकाणी बहुतेक वेळा कूपनं घ्यावी लागतात, गाड्यावर सुटे पैसे चालत नाहीत. आम्ही घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि मोठा थर्मास भरून चहा नेतो, गारठ्यात तो चहा काय लागतो म्हणून सांगू. फक्त आत बाहेरचं खाणं नेता येतं का ते तिकिटाच्या नियमांत बघा, काचेची बाटली तर नकोच.

गाडी घ्या. हुल्स्टला रेल्वे स्टेशन नाही. आइंडहोवनहून अँटवर्पवरून साधारण दीड तास धरा. पार्किंग गावाबाहेर असणार आणि तिथून चालणं आलं, ते आईंचा गुडघा बघून आधी ठरवा. आणि पासपोर्ट सगळ्यांचे जवळ ठेवा, बेल्जियममधून जाऊन परत हॉलंडमध्ये शिरायचंय, हल्ली डच बॉर्डरला अधूनमधून थांबवतात, सासूसासऱ्यांचा व्हिसा दाखवावा लागू शकतो.

सूनबाई_आइंडहोवन

किती छान सांगितलंत सगळ्यांनी! मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पूलिदोरचं ऐकून बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले आठ वेळा पहिल्या तिघांत, एक दिवसही जर्सी नाही, आणि तरी लोकांनी धरून ठेवला. त्यांना रविवार हवाय. मुलीला शनिवार हवाय. नवरा म्हणतो दोन दिवस करू, शनिवारी मी आणि मुलगी, रविवारी तो आणि बाबा. मला ते काही पटत नाही, बाबांनी आणि नातीने एकत्र बघावं असं फार वाटतंय. आणि आईंना घरी एकटं ठेवायचं नाहीये, त्या बसणार कुठे?

गेंटकर

ताई, तसं असेल तर मी माझं मत मागे घेतो, सगळे मिळून शनिवारी जा. रविवारची शर्यत बाबा घरी टीव्हीवर बघतील, आणि आदल्या दिवशी तो चढ स्वतः बघून आलेले असतील तर टीव्हीवरही निराळं दिसेल, कुठे निसरडं आहे हे त्यांना कॉमेंटेटरच्या आधी कळेल. नातीला समजावून सांगायला बाबा शेजारी आहेत हे जास्त महत्त्वाचं. मागे पडलेल्यांवर लक्ष ठेवायला सांगा, पुढचे त्यांना पूर्ण एका फेरीने मागे टाकायची वेळ आली की त्यांना शर्यतीतून बाहेर काढतात, तिला वाईट वाटेल, पण ते का करतात हे आजोबांनी सांगितलेलं तिला पटेल.

ब्रेडाची_मावशी

आईंसाठी: हुल्स्टचं सोपं आहे कारण तटाच्या आतच गाव आहे. मधोमध मोठी बॅसिलिका आहे, तिच्या आसपास कॅफे आहेत, तिथे उबेला बसता येतं. सकाळच्या लहान वयाच्या गटांच्या शर्यतीला गर्दी कमी असते तेव्हा त्यांना तटाजवळ आणा, अर्धा तास बघू दे, मग कॅफेत बसवा, तुमच्यातलं एकजण आळीपाळीने सोबत, आणि दुपारच्या मुख्य शर्यतीला जमलं तर परत. एकदा बाहेर पडल्यावर परत आत सोडतात का, हातात पट्टा बांधतात का, हे गेटवर शिरतानाच विचारून ठेवा. घडीचं स्टूल न्यायचं असेल तर आयोजकांना आधी मेल करा, गुडघ्याचं कारण लिहा, इथे अशा गोष्टींना बहुतेक वेळा नीट उत्तर येतं. पार्किंगपासून जवळ सोडता येईल का हेही त्याच मेलमध्ये विचारा.

आणि गाडीत सगळ्यांचे कोरडे मोजे, साधे बूट आणि मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवा. गमबूट बाहेरच काढून पिशवीत घालायचे आणि मगच आत बसायचं, झीलंडची माती एकदा सीटला लागली की निघता निघत नाही.