गेमच्या डीएलएलमधील फंक्शनचे नाव जुळले, तरी खेळ बंद पडतो

अमळनेरकर (प्रश्न):
मी जळगावला संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून १९९८ सालच्या हाफ-लाइफ या खेळासाठी एक छोटा मॉड (खेळात बदल करणारी भर) लिहीत आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्हिज्युअल स्टुडिओने (मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने) बांधलेली डीएलएल (खेळाला चालताना जोडली जाणारी कोडची फाइल) खेळ विनातक्रार उचलतो. घरच्या जुन्या लॅपटॉपवर तेवढी जागा नाही, म्हणून तोच सोर्स कोड मी मिनजीडब्ल्यूच्या (विंडोजसाठीच्या जीसीसीच्या) ३२ बिट कंपायलरने बांधला. तेव्हा ‘गिव्हएफएनपीटीआरएसटूडीएलएल’ हे प्रवेशाचे फंक्शन इंजिनाला (खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) सापडेना. एक्स्पोर्टची (डीएलएलने बाहेर उघड केलेल्या नावांची) यादी पाहिली, तर नावाच्या शेवटी ॲट चिन्ह आणि ८ हा आकडा चिकटलेला दिसला. म्हणून मी घोषणेतून स्टडकॉल (फंक्शन बोलावण्याच्या एका पद्धतीचे नाव) हा शब्द काढून टाकला. नाव स्वच्छ झाले, इंजिनाला ते सापडलेही, पण आता खेळ सुरू होता होताच बंद पडतो. एक्स्टर्न सी (नाव सी भाषेच्या पद्धतीने ठेवण्याची सूचना) लिहिलेले आहेच. मग चूक कुठे असावी?

भुसावळ जंक्शन:
आपण पाटी बदलण्यासाठी घरच बदलले आहे. तो ८ आकडा म्हणजे फंक्शनला मिळणाऱ्या आर्ग्युमेंटचे एकूण बाइट: ३२ बिटमध्ये प्रत्येकी ४ बाइटचे दोन पॉइंटर. स्टडकॉलमध्ये स्टॅकवरचे (आर्ग्युमेंट तात्पुरती ठेवण्याच्या जागेवरचे) हे ८ बाइट बोलावलेले फंक्शन स्वतः काढते, तर सीडेकल या दुसऱ्या पद्धतीत ते काम बोलावणाऱ्याकडे असते. इंजिन स्टडकॉल गृहीत धरून बोलावते, आपले फंक्शन आता सीडेकल झाले आहे, त्यामुळे ते ८ बाइट कोणीच काढत नाही आणि स्टॅक सरकतो. अशा वेळी खेळ कधी तत्काळ कोसळतो, कधी थोडे पुढे जाऊन भलत्याच ठिकाणी कोसळतो, आणि दुसरा प्रकार शोधायला अधिक त्रासदायक असतो.

स्टडकॉल परत लिहा आणि लिंकरला ‘किल-ॲट’ हा पर्याय द्या. तो एक्स्पोर्ट करताना नावाचे फक्त शेपूट (ॲट आणि ८) काढतो, बोलावण्याच्या पद्धतीला हात लावत नाही. प्रयोगशाळेत अडचण आली नाही, कारण एसडीकेसोबतच्या (मॉड लिहिण्यासाठी मिळणाऱ्या कोडसोबतच्या) डेफ फाइलमध्ये, म्हणजे एक्स्पोर्टच्या नावांच्या यादीत, हे नाव शेपटाविना नोंदलेले आहे. ती फाइल वापरली नाही, तर व्हिज्युअल स्टुडिओही शेपूट लावतो आणि शिवाय नावाच्या सुरुवातीला एक अंडरस्कोरही जोडतो.

धुळेकर:
एक्स्टर्न सीवर फार विसंबू नये, एवढी भर घालतो. जळगावजवळ शिरसोली प्र.बो. आणि शिरसोली प्र.न. अशी दोन गावे आहेत. कागदावर नुसते शिरसोली लिहून भागत नाही. सी++मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात, म्हणून कंपायलर नावातच आर्ग्युमेंटचे प्रकार गुंफतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचे असे नाव प्रश्नचिन्हाने सुरू होते आणि जीसीसीचे अंडरस्कोर व झेड यांनी. एक्स्टर्न सी ही गुंफण थांबवते, पण आतल्या क्लासची रचना एकसारखी करीत नाही. व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट करताना चालणारे फंक्शन) असेल, तर जीसीसी व्हीटेबलमध्ये (क्लासच्या फंक्शनांच्या पत्त्यांच्या तक्त्यात) त्यासाठी दोन जागा ठेवतो आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर एकच. त्याशिवाय जीसीसी ४.७ च्या आधीच्या आवृत्त्यांत ३२ बिट विंडोजवर सदस्य-फंक्शनला ‘धिस’ पॉइंटर (ते ज्या ऑब्जेक्टवर चालते त्याचा पत्ता) स्टॅकवरून मिळत असे, तर मायक्रोसॉफ्ट तो प्रोसेसरच्या ईसीएक्स रजिस्टरमधून देतो. म्हणून डीएलएलच्या सीमेपलीकडे फंक्शन-पॉइंटरांनी भरलेले साधे स्ट्रक्टच पाठवावे, स्ट्रिंग किंवा एक्सेप्शन पाठवू नये, आणि ज्या बाजूने मेमरी घेतली त्याच बाजूने ती सोडावी. हाफ-लाइफचे इंजिन मुळातच अशा स्ट्रक्टवर चालते, हे आपले नशीब.

अमळनेरकर:
दोघांचेही आभार. स्टडकॉल परत आणून ‘किल-ॲट’ दिल्यावर खेळ व्यवस्थित सुरू झाला. मात्र प्रयोगशाळेतील डीएलएलवर केलेला सेव्ह घरी उघडल्यावर काही शत्रू जागचे हलत नाहीत. हेही नावांचेच प्रकरण आहे का?

भुसावळ जंक्शन:
होय. दर वेळी डीएलएलचा पत्ता बदलू शकतो, म्हणून सेव्ह करताना ‘थिंक’सारख्या (शत्रूने पुढे काय करायचे ते ठरवणाऱ्या) फंक्शनचा पत्ता न लिहिता त्याचे एक्स्पोर्ट केलेले नाव लिहिले जाते, आणि ती सदस्य-फंक्शने असल्यामुळे तिथे एक्स्टर्न सी चालत नाही, म्हणून दोन कंपायलरांची नावे जुळत नाहीत. शिवाय साध्या क्लासमधील सदस्य-फंक्शनचा पॉइंटर मायक्रोसॉफ्टच्या ३२ बिट कंपायलरमध्ये ४ बाइटचा, तर जीसीसीमध्ये ८ बाइटचा असतो. सेव्ह ज्या कंपायलरच्या डीएलएलवर केला, त्याच कंपायलरच्या डीएलएलवर उघडावा.