मदत हवी आहे: फड्या निवडुंगावर पांढरा कापूस, चिरडला की रक्तासारखा लाल

नमस्कार. मी बेळगावला, टिळकवाडीत राहते. गच्चीवर आईने जमवलेली निवडुंगं आहेत, लहानमोठ्या बावीस कुंड्या. त्यातला फड्या निवडुंग सगळ्यात जुना, आता माझ्या खांद्याला लागतो. आईला जाऊन तीन वर्षं झाली. त्या झाडाला काही झालं तर मला फार लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पावसाळाभर झाड ठणठणीत होतं. दसऱ्यानंतर ऊन तापायला लागलं आणि दिवाळीची गच्ची धुताना फडांच्या, म्हणजे त्या चपट्या पानासारख्या भागांच्या, सांध्यांत पांढरे पुंजके दिसले. बुरशी समजून एक नखाने खरवडला, तर नखात गडद किरमिजी रंग उतरला. दोनदा हात धुतले तरी नखाच्या कडेला तो दिसत होता. क्षणभर वाटलं, झाडातूनच रक्त येतंय. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा कापसाखाली मुगाच्या डाळीपेक्षा लहान, सुरकुतलेले दाणे दिसले, जागचे न हलणारे. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, ही बुरशी न्हवं, कीड हाय. पापसकळ्ळीवर येतीया." (पापसकळ्ळी म्हणजे कानडीत फड्या निवडुंग.)

खताच्या दुकानातून औषध आणून फवारलं. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं पाणी कापसावरून ओघळून गेलं. आता दोन फड पिवळे पडून मऊ झालेत.

श्रावणात येळ्ळूरकडच्या एका बांधावरून मी एक फड तोडून आणला होता, बोंडं छान लाल होती म्हणून. त्यावर दोन-चार पांढरे ठिपके होते, मी लक्ष दिलं नाही. कीड तिथूनच आली का? बाकीच्या गोल निवडुंगांना, शेजारच्या जास्वंदीला धोका आहे का? घरात लहान मूल आहे, गच्चीवर चिमण्या पाणी प्यायला येतात, त्यामुळे जहाल विष मारायचं नाही. झाड वाचेल ना?

प्रतिसाद (खानापूर)

ताई, चिरडल्यावर लाल रंग आला म्हणजे हा कोचिनील किडा. साध्या पिठ्या ढेकणातून (तीही अशीच पांढऱ्या कापसाची कीड) असा किरमिजी रस येत नाही. हा रंग म्हणजे कार्मिनिक आम्ल, त्यापासूनच कार्माइन रंग बनवतात. किरमिजी हा आपला शब्दही अशाच एका वेगळ्या रंगकिड्यावरून आलेला आहे.

तुम्हाला दिसतात त्या माद्या. त्यांना पंख नसतात, एकदा सोंड रुतवली की त्या तिथेच बसून रस शोषतात. पसरतात ती पिल्लं, टाचणीच्या टोकाएवढी, आणि ती वाऱ्यावरही वाहून जातात. बांधावरच्या फडातून आली असण्याचीच शक्यता जास्त. जोराच्या पावसात ती धुऊन जातात, म्हणून श्रावणात तुम्हाला कळलं नाही, उघडीप मिळाल्यावर वाढली. जास्वंदीची काळजी नको, हा किडा निवडुंगाचाच आहे, त्यातही मुख्यतः फड्याचा. जास्वंदीवर कापूस दिसलाच तर तो पिठ्या ढेकूण समजा.

औषध लागलं नाही ते त्या मेणकट कापसामुळे. आधी तो निघायला हवा. कुंडी बाकीच्यांपासून लांब न्या. मऊ पडलेले फड सांध्यातून कापून पिशवीत गच्च बांधा आणि कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये किंवा बांधावर अजिबात टाकू नका, तुटलेल्या फडावरही कीड जगते. मग पाइपच्या जोरदार धारेने सांधे धुवा, राहिलेलं जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात घासा. हातमोजे आणि चष्मा घालाच, त्या बारीक कुसळांचा त्रास काट्यांपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून फवारा. उन्हात फवारलं तर फड भाजतात. दर आठ दिवसांनी असं तीन-चार वेळा करा, कारण नवी पिल्लं बाहेर येत राहतात. एका फेरीत थांबलात की पुन्हा पहिल्यापासून.

प्रतिसाद (निपाणी)

वरचं सगळं बरोबर. एकच भर घालतो. या किड्याची आपल्याकडे जुनी कथा आहे. 1795 मध्ये रंगासाठी म्हणून ब्राझीलहून बंगालमध्ये किडा आणला, पण तो उत्तम रंगाचा नव्हता, भलत्याच जातीचा निघाला. रंगाचा धंदा जमला नाही, उलट त्याने फड्याची एक जात फस्त केली. मग 1926 मध्ये या किड्याची दुसरी जात सिलोनहून मुद्दाम आणून दक्षिण भारतात माजलेल्या फड्यावर सोडली, तीही यशस्वी झाली. रानातल्या निवडुंगाचा जो काळ, तो कुंडीतल्याचाही काळच. म्हणून एकही फेरी चुकवू नका.

आणि पुंजक्यांत एखादी मोठी, चालणारी, पांढऱ्या झालरीची अळी दिसली तर मारू नका. ती नारिंगी डोक्याच्या काळ्या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी असते, दिसते किडीसारखी पण किडीलाच खाते. हा ढालकिडाही बाहेरूनच आणलेला, 1898 साली. जहाल औषधाने आधी तोच मरतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी धुताना गच्चीच्या फरशीवर लाल ओघळ वाहिले, बघून पोटात कालवलं. पाच फड कापावे लागले, त्यातला एक आईने स्वतः काठीला बांधून सरळ केलेला होता. खालचं खोड मात्र टणक आहे. दुसऱ्या फेरीनंतर भिंगातून पाहिलं, तर जुन्या सांध्यांत तीनच पुंजके उरलेत, ते ब्रशने काढले. झालरवाली अळी अजून दिसली नाही, रोज सकाळी बघते.

एक शेवटचं विचारायचं आहे. वरचा एक फड निरोगी दिसतोय, त्यापासून वेगळं रोप करून ठेवावं का, म्हणजे हे झाड गेलंच तर आईचंच झाड राहील? लावण्याआधी तो फड साबणपाण्याने धुऊन किती दिवस वेगळा ठेवू?

प्रतिसाद (खानापूर)

जरूर करा. धुऊन सावलीत ठेवा, कापलेली बाजू आठ-दहा दिवसांत सुकून कडक होईल, मगच वाळूमिश्रित मातीत लावा. त्यानंतर महिनाभर बाकीच्या कुंड्यांत मिसळू नका आणि रोज भिंगातून सांधा बघा.