मामंजींना फेज वन ट्रायलमध्ये घालावं का? त्रास सांगायलाच तयार नाहीत

खानापूरची सून:
नमस्कार, मामंजी ७४ वर्षांचे, फुफ्फुसाचा कॅन्सर, केमो झाली तरी गाठ वाढतेच आहे म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी नवीन औषधाची फेज वन ट्रायल (माणसांवरची पहिल्या टप्प्याची चाचणी) सुचवलीय, आणि मामंजी म्हणतात जाऊया की. पण रात्री धापेनं झोप नाही, भाकरी आमटीत कुस्करून दिली तरी निम्मी ताटात, आणि डॉक्टरांनी विचारलं की "मी बरा हाय". मिस्टर म्हणतात खरं सांगितलंस तर घेणार नाहीत, गप्प बस. काय करू?

वॉर्डातली ताई, बेळगाव:
अजिबात लपवू नका हो! फेज वनमध्ये मुख्य बघतात ते औषध किती डोसपर्यंत सोसतं, डोस पायरीपायरीनं वाढवत नेतात. हे बरा हाय म्हणाले की तो डोस सोसला असंच धरणार आणि पुढच्या पेशंटला त्याहून जास्त. शिवाय आत्ताची धाप लिहिलीच नसेल तर उद्या ती औषधानं वाढली का रोगानं, कसं कळायचं? हिंडणंफिरणं बघूनच घेतात हे खरं, पण झेपत नसताना आत गेले तर हाल त्यांचेच. एक वही करा, दुखणं, थकवा, झोप, भूक, धाप, रोज ० ते १० मार्क, आणि ते त्यांनाच विचारून लिहा, घरच्यांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

अथणीकर:
संमतीचा कागद मराठीत मागा. आमच्या वडिलांपुढे इंग्रजी कागद ठेवून सही कुठं करायची तेवढं दाखवलेलं, अजून राग येतो. औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांत स्पष्ट आहे, पेशंटला कळेल अशा भाषेतच पाहिजे. कधीही बाहेर पडता येतं, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट. आणि गाठ कमी होईलच ही आशा धरून जाऊ नका, फेज वनमध्ये तसा फायदा थोड्यांनाच होतो. पॅलिएटिव्हवाल्यांना, म्हणजे दुखणं-धाप असा त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना, मात्र आत्ताच भेटा, शेवटी नव्हे. २०१० मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या पेशंटवर अभ्यास झाला, सुरुवातीपासून ती सोबत मिळालेल्यांचे दिवस जास्त बरे गेले.

खानापूरची सून:
वही सुरू केली. धापेला ७ म्हणाले, मिस्टरांना पटलं आता. पॅलिएटिव्हवाले धापेला मॉर्फिन देतात म्हणे, सवय लागते का?

वॉर्डातली ताई, बेळगाव:
डॉक्टरांनी ठरवलेल्या छोट्या डोसला सवयीची भीती धरू नका. शौचाला मात्र घट्ट होतं, त्याचं औषध सोबतच लिहून घ्या, आणि ट्रायलच्या डॉक्टरांना मॉर्फिनचं आधी सांगा.