रोटेटिंग चॅनल: लीडिंग भिंतीवरचा हीट ट्रान्सफर घसरतो तो परत वर येतच नाही

गरमहवा
एम.टेक.चं प्रोजेक्ट आहे, टर्बाइन ब्लेडच्या आतल्या कूलिंग चॅनलचं सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित). वॅग्नर, जॉन्सन, कॉपर यांची १९९१ ची केस घेतलीय, गुळगुळीत चौकोनी चॅनल, १२.७ मिमी, रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले रुंदी, भागिले हवेचा चिकटपणा) २५०००, रोटेशन नंबर (फिरण्याचा वेग गुणिले रुंदी, भागिले हवेचा वेग) ०.२४, हवा आधी बाहेर जाते मग वळून आत येते. ट्रेलिंग म्हणजे फिरताना मागे राहणाऱ्या भिंतीवर नसेल्ट नंबर (हीट ट्रान्सफरचं माप) वाढतो तो बरोबर येतोय. पण लीडिंगवर, म्हणजे फिरताना पुढे असणाऱ्या भिंतीवर, पेपरात आधी पडतो आणि पुढे परत चढतो, माझा पडला की पडलाच. मेश बारीक करून झाली, वाय प्लस (भिंतीलगतच्या पहिल्या सेलची जाडी) १ च्या खाली, टर्ब्युलन्स मॉडेल एसएसटी के-ओमेगा. शिवाय दुसऱ्या पासमध्ये, म्हणजे हवा आत येते तिथे, सगळं उलटं, लीडिंग जास्त ट्रेलिंग कमी. गाईड म्हणतात बाउंड्री कंडिशन बघ. म्हणजे नक्की काय बघू?

पंखेवाला
दुसरा पास उलटा येतोय ना, मग तो बरोबर आहे, त्याला हात लावू नकोस. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यावर मधून कडेला चालत गेलास तर तू फिरण्याच्या उलट बाजूला ढकलला जातोस, कडेकडून मधे आलास तर फिरण्याच्या बाजूला. हवेचंही तेच. बाहेर जाताना मधली थंड हवा ट्रेलिंग भिंतीवर आदळते, आत येताना लीडिंगवर. आणि लीडिंग वॉल म्हणजे ब्लेडची लीडिंग एज नाही हं, ती सक्शन साइडची भिंत, व्हायवात हमखास विचारतात.

घामाघूम
कोरिऑलिस (फिरण्यामुळे बाजूला ढकलणारा जोर) तुझं आलंय, बॉयन्सी (गरम हलकी हवा सरकणं) आलेली नाही असं दिसतंय. डेन्सिटी कॉन्स्टंट ठेवलीस का? तशी असेल तर सेंट्रिफ्युगल फोर्स सगळा प्रेशरमध्येच जिरतो, हवेला काही कळतच नाही. भिंतीलगतची गरम हवा हलकी, ती अक्षाकडे म्हणजे आत सरकायला बघते आणि पहिल्या पासमध्ये मुख्य प्रवाह तर बाहेर चाललाय, मग लीडिंग भिंतीपाशी जिथे प्रवाह आधीच मरगळलेला असतो तिथे दोघांची झटापट होते, कधी कधी हवा उलटीही वाहायला लागते, आणि त्या ढवळण्यामुळे पुढे नसेल्ट परत चढतो. डेन्सिटी आयडियल गॅसवर ठेव, म्हणजे ती तापमानाप्रमाणे बदलेल.

गरमहवा
हो, कॉन्स्टंटच आहे. मग ग्रॅव्हिटी पण ऑन करू का? आणि ५५० आरपीएमला बॉयन्सीचा एवढा फरक पडेल?

रिगवाला
ग्रॅव्हिटी विसर. त्या केसमध्ये त्रिज्या चॅनलच्या रुंदीच्या ४९ पट, म्हणजे ६२ सेंमीच्या आसपास. ५५० आरपीएमला तिथे सेंट्रिफ्युगल २०० जी च्या वर, म्हणजे गुरुत्वाच्या २०० पटीच्या वर जातं. खऱ्या इंजिनात १०००० आरपीएम आणि ४० सेंमी धर, ४०००० जी च्या पुढे.
आता ५५० का ते बघ. साध्या दाबाच्या हवेत रेनॉल्ड्स २५००० ला वेग ३० मी/सेच्या वर लागतो, मग ०.२४ रोटेशन नंबरसाठी ५५०० च्या वर आरपीएम, एवढ्या स्पीडला थर्मोकपलच्या वायरी, स्लिप रिंग, बॅलन्सिंग, सगळ्याचाच ताप. म्हणून त्यांनी १० ॲटमॉस्फियर प्रेशर दिलं, हवा दाट झाली, वेग दहापट कमी आणि आरपीएमही. तेव्हा आयडियल गॅस करताना ऑपरेटिंग प्रेशर १० ॲटमॉस्फियर भरलंयस ना ते बघ, नाहीतर डेन्सिटीच चुकेल.
आणि गाईडांचं ऐक, भिंतीला हीट फ्लक्स नको, तापमान दे. रिगमध्ये हीटर लावलेले तांब्याचे तुकडे आहेत, भिंत एकाच तापमानाला धरलेली. हवा ३०० केल्विन, भिंत ३४५ धरलीस की डेन्सिटी रेशो (मधल्या आणि भिंतीलगतच्या हवेच्या घनतेतला फरक, भागिले मधलीची घनता) ०.१३ येतो, पेपरातला तोच.

घामाघूम
+१. पहिल्या झटक्यात पूर्ण आरपीएम देऊ नकोस, डायव्हर्ज होईल, हळूहळू चढव. आणि एसएसटीला कर्व्हेचर करेक्शन ऑन कर, नाहीतर रोटेशनचा टर्ब्युलन्सवरचा परिणाम त्याला दिसत नाही. वळणात तरीही थोडं बोंबलेलच.

पंखेवाला
ग्राफमध्ये नसेल्टला न फिरणाऱ्या गुळगुळीत नळीच्या कुठल्या नसेल्टने भागतोयस तेही बघ. ०.०२३ गुणिले रेनॉल्ड्सचा ०.८ घात गुणिले प्रांटल नंबरचा (हवेचाच एक गुणधर्म) ०.४ घात केलं तर तुझ्या केसला ६६ येतात, या पेपरात ०.०२३ च्या जागी ०.०१७६ वापरलंय, त्यात हवेचा प्रांटल धरलेलाच आहे, त्याने ५८. नुसत्या भागाकारात १४ टक्के गेले की. आणि बल्क म्हणजे प्रवाहाचं सरासरी तापमान त्या त्या जागेचं घे, इनलेटचं नको.

गरमहवा
बापरे, मी ६६ नेच भागत होतो. आयडियल गॅस आणि ३४५ लावून रन टाकलाय, आरपीएम १०० पासून चढवतोय. पुढे भिंतींवर ४५ अंशाच्या रिब्ज (उंचवट्याच्या पट्ट्या) घालायच्यात, तिथेही एवढाच फरक पडतो का?

रिगवाला
कमी पडतो. तिरक्या रिब्ज स्वतःच भोवरे काढतात, कोरिऑलिसला तेवढा वाव राहत नाही. पण आधी गुळगुळीतचा ग्राफ जुळू दे, दोन्ही पास टाक इथे.